परदेशातील संसार आणि मालमत्तेची अमानत



रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी कुटुंबांत निकाह गावात होतो, पतीची नोकरी दुबई वा कुवेतमध्ये असते आणि घर पनवेल किंवा मुंब्र्यात घेतले जाते. पती पैसे पाठवतो, कागदपत्रे सासऱ्यांच्या नावे होतात आणि पहिली रक्कम भरताना सुनेचे दागिने मोडले जातात. संसार सुरळीत असेपर्यंत कोणी काही विचारत नाही. दुर्दैवाने तलाक झाला, तर मात्र त्या दागिन्यांचा हिशेब देणारा कागद कोठेच नसतो. या बाबतीत शरीअतचे मार्गदर्शन काय आहे, ते आपण पाहू या.

पहिली गोष्ट अशी की, निकाहमुळे पत्नीची मालमत्ता पतीची होत नाही. पुरुषांच्या कमाईत पुरुषांचा आणि स्त्रियांच्या कमाईत स्त्रियांचा वाटा आहे, असे पवित्र कुरआनने स्पष्ट केले आहे (सूरह अन्-निसा : ३२). माहेरचे दागिने, वारसाहक्काची जमीन, तिचा पगार हे सर्व तिचेच. ती श्रीमंत असली, तरी घरखर्चाची जबाबदारी पतीवरच राहते.

दुसरी गोष्ट, महर हे पतीवरील ऋण आहे. न फेडता त्याचा मृत्यू झाला, तर वारसांत वाटणी होण्यापूर्वी ते फेडावे लागते. पत्नीला संपत्तीची रास दिली असली, तरी तिला सोडताना त्यातील काहीही परत घेऊ नये, असा आदेश आहे (अन्-निसा : २०). महर वाचावा म्हणून तिला छळून खुला मागण्यास भाग पाडणे हा उघड जुलूम होय.

तिसरी गोष्ट, इद्दतीत पत्नीला घरातून बाहेर काढण्यास मनाई आहे (सूरह अत्-तलाक : १). परदेशात पत्नीचा व्हिसा बहुधा पतीवर अवलंबून असतो. तलाक देताच तो रद्द करून तिला विमानात बसवणे म्हणजे तिला घराबाहेर काढणेच नव्हे काय?

काहींना वाटते की, देश बदलला की जबाबदारीही बदलते. हा भ्रम आहे. भारतात २०१९ च्या कायद्यानुसार एका दमात दिलेला तिहेरी तलाक, मग तो मोबाइलवरील संदेशाने का दिलेला असेना, रद्दबातल व दंडनीय आहे. घटस्फोटित स्त्रीला महर आणि विवाहात मिळालेल्या वस्तू परत मिळण्याचा हक्क १९८६ च्या कायद्यात आहे. इद्दतीच्या मुदतीतच तिच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद केली पाहिजे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दानियल लतीफी खटल्यात लावला. पत्नीला बाजू मांडण्याची संधी न देता परदेशी न्यायालयातून मिळवलेला निवाडा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मुळे येथे टिकणे कठीण असते. संयुक्त अरब अमिरातीतील न्यायालयांचे रक्कम वसुलीचे हुकूमनामे २०२० पासून काही अटींवर भारतात अमलात आणता येतात. त्यामुळे सीमा ओलांडली म्हणून देणे चुकत नाही.

तथापि, न्यायालयाला पुरावा लागतो. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची शिकवण सूरह अल्-बकराने (२८२) आपल्याला आधीच दिली आहे. म्हणून निकाहनाम्यात महरची रक्कम, चलन आणि मुदत स्पष्ट लिहा. त्याची प्रत मुलीच्या माहेरीही ठेवा. विवाहाची सरकारी नोंदणी करा. दागिन्यांची वजनासह यादी करा. घरासाठी पत्नीने पैसे दिले, तर ते कर्ज आहे, भेट आहे की घरातील हिस्सा, हे त्याच दिवशी दोन ओळींत लिहून सह्या घ्या. हिस्सा असेल, तर खरेदीखतात तिचे नावही असू द्या. असे लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे, तर आज्ञापालन आहे.

हा उपदेश केवळ पुरुषांसाठी नाही. पतीने सांभाळण्यासाठी पत्नीच्या खात्यात ठेवलेली रक्कम हीसुद्धा अमानतच आहे. वाद वाढण्यापूर्वी दोन्ही कुटुंबांतील एकेक पंच बसवण्याचा कुरआनी मार्ग (अन्-निसा : ३५) फोनवरूनही अवलंबता येतो.

हज्जतुल विदाच्या प्रवचनात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्त्रियांच्या बाबतीत अल्लाहचे भय बाळगण्याची ताकीद दिली. एखाद्या देशाच्या न्यायालयाची हद्द संपेल, पण त्या जाबाची हद्द कोठेही संपत नाही. एकमेकांचे हक्क प्रामाणिकपणे अदा करण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.