सहीच्या आधीचा विधी विभाग

कंपनीच्या पगारावर असलेल्या कायदेतज्ज्ञांचा गट म्हणजे तिचा विधी विभाग. त्याचे काम कोर्टकचेऱ्या सांभाळण्याचे, असा समज कारखानदारीत पक्का आहे. त्यामुळे विभागाकडे कागद येतो तो नोटीस आल्यावर. तोवर पैसे गेलेले असतात आणि सह्याही झालेल्या असतात. रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात कुंभिवली आणि सावरोली-खारपाडा रस्त्याच्या पट्ट्यातील उद्योगांसाठी कायद्याचे काम करताना येणारा अनुभव वेगळेच शिकवतो. विभागाचे मोल मुख्यतः सहीच्या आधी केलेल्या कामातून तयार होते.

जमीन

पहिला धडा जमिनीचा. एमआयडीसी म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत भूखंड घेतला की मालकी आणि रस्त्याचे बरेचसे प्रश्न महामंडळाने आधीच सोडवलेले असतात. गावची जमीन शेतकऱ्याकडून थेट घेतली की तेच प्रश्न खरेदीदाराच्या पदरात पडतात. नेहमी दिसणारा क्रम असा : दलाल चालू सातबारा आणतो, विकणाऱ्याचे नाव स्वच्छ दिसते, इसार दिला जातो, साठेकरार होतो आणि मग कागद विधी विभागाकडे ‘नुसती नजर टाकायला’ येतो. तेव्हा दोष सापडला तर रक्कम अडकलेली असते आणि दोष दाखवणारा विभाग व्यवस्थापनाला आडवा येणारा वाटतो. म्हणून पहिला नियम : विभागाच्या लेखी अहवालाशिवाय इसाराचा चेक निघू नये.

या अहवालातील पहिली तपासणी नोंदींची. तिला चालू सातबारा पुरत नाही. जुने सातबारे, ‘इतर हक्क’ रकाना आणि प्रत्येक फेरफार मुळापासून वाचावा लागतो. रायगड, म्हणजे पूर्वीचा कुलाबा, हा खोतांचा आणि कुळांचा जिल्हा. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये संप पुकारला तो याच जिल्ह्यात. पुढे १९४८ च्या कूळ कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणाऱ्या कुळांना मालकीचा हक्क मिळाला. अशा जमिनीच्या विक्रीला कलम ४३ ची बंधने लागतात. सातबाऱ्यावर या बंधनांची खूण असते, पण ती वाचणारा माणूस लागतो.

दुसरी तपासणी वारसांची. फेरफारात भावांची नावे असतात आणि बहिणींची राहून जातात. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क दिला. बहिणीची सही नसलेले खरेदीखत आज ना उद्या दिवाणी दाव्यात येते. तिला शोधून तिचा मोबदला तिच्याच हातात देणे न्यायाचे आहे आणि कंपनीच्याही हिताचे आहे.

तिसरी तपासणी आदिवासी जमिनीची. कर्जत-खालापुरात ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि त्यासाठी शासनाची पूर्वमान्यता लागते. कुलमुखत्यारपत्र किंवा दुसऱ्याच्या नावे व्यवहार अशा पळवाटा दलाल सुचवतात. इथे विधी विभागाने ठाम नकार द्यावा. ज्याच्याकडे एवढीच जमीन आहे त्याची ती फसवून घेणे कायद्यात बसत नाही आणि माणुसकीतही नाही.

चौथी तपासणी वनाची. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम ३० ऑगस्ट १९७५ पासून लागू झाला आणि त्याची झळ अनेक जमिनींना बसली. विक्रोळीच्या गोदरेज अँड बॉइस प्रकरणात १९५६-५७ मधील नोटिशीच्या आधारे जमीन खाजगी वन ठरवली गेली होती. नुसती नोटीस निघाल्याने जमीन खाजगी वन ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी दिला. निकाल कंपनीच्या बाजूने लागला तरी वर्षे गेलीच. त्यामुळे सातबाऱ्यावर नोंद नसली तरी वन विभागाकडे लेखी विचारणा करावी. माथेरानभोवतीचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र २००३ मध्ये अधिसूचित झाले, त्याची हद्दही नकाशावर पाहावी. शेवटी, कूळ कायद्याचे कलम ६३-१अ बिगर शेतकऱ्याला उद्योगासाठी शेतजमीन घेऊ देते, मात्र क्षेत्राच्या आणि मुदतीच्या अटींवर. त्या अटी प्रकल्पाच्या वेळापत्रकात लिहून ठेवाव्यात.

करार आणि मुदती

खरेदी विभाग नव्वद दिवसांनी पैसे देण्याची अट सवयीने लिहितो. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर २००६ च्या कायद्यानुसार ही मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. विधी विभागाने नेहमीच्या करारांचे नमुने एकदा नीट तयार करून दिले, तर वाहतूकदार, ठेकेदार आणि भंगार घेणारे यांच्याशी रोज होणारे व्यवहार अडत नाहीत आणि अशा चुकाही टळतात.

मुदतींची वही हे विभागाचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी साधन. चेक परत आल्याचे बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस जावी लागते. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार करावी लागते. व्यापारी दाव्यात समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत कैफियत दाखल झाली नाही तर तो हक्क जातो. कारखान्याच्या गेटवर आलेले समन्स साधे टपाल समजून खणात पडून राहते आणि चांगली बाजू असूनही दावा हातचा जातो. त्यामुळे गेटवरच्या सुरक्षारक्षकालाही समन्स कसे दिसते आणि ते कोणाकडे द्यायचे हे शिकवावे.

कारखान्यातील पालन

प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र कंपनीच्या मुंबईतील मुख्य कार्यालयात फाइलला लागते आणि सांडपाणी यंत्रणा चालवणाऱ्याला त्यातल्या अटी माहीत नसतात. याच तालुक्यातून पाताळगंगा वाहते आणि तिच्या पाण्यावर गावे जगतात. संमतिपत्रातील मर्यादा मराठीत एका पानावर यंत्रणेजवळ लावणे, हे न्यायालयातील कोणत्याही युक्तिवादाहून अधिक संरक्षण देते. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतील वेतनाच्या नव्या व्याख्येचा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीवर काय परिणाम होतो, हे लेखा विभागाला उदाहरणासह समजावणे हेही विधी विभागाचेच काम.

मर्यादा

पगारी विधी अधिकाऱ्याला बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिली करता येत नाही. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ नुसार वकिलाला मिळणारे गोपनीयतेचे संरक्षण अशा अधिकाऱ्याला नाही. कलम १३४ खालील मर्यादित संरक्षण मात्र राहते. त्यामुळे चौकशी किंवा फौजदारी धोका असलेल्या विषयावरचे मत बाहेरच्या वकिलाकडून लेखी घ्यावे आणि अंतर्गत ईमेलमध्ये तर्क लढवू नयेत.

मूल्यमापन

जिंकलेल्या खटल्यांवरून विभागाची किंमत ठरवली तर खटले वाढवणाऱ्यालाच शाबासकी मिळते. पाहायचे ते असे : इसारापूर्वी किती जमिनी तपासल्या, त्यांपैकी किती नाकारल्या, करार तपासून द्यायला किती दिवस लागले, किती मुदती चुकल्या आणि किती वाद तडजोडीने मिटले. विभागप्रमुखाने थेट कार्यकारी संचालकांना अहवाल द्यावा, कारण खरेदी किंवा प्रकल्प विभागाच्या हाताखाली बसून नकार देता येत नाही. पूर्ण विभाग परवडत नसलेल्या छोट्या कारखान्याने एक विधी अधिकारी, महसुली कायदा जाणणारा एक स्थानिक वकील आणि मुदतींची वही, एवढ्यावर सुरुवात करावी.