मुलाला दवाखान्यात ठेवताना

मागच्या महिन्यात तीन वर्षांच्या एका मुलीला बेंबीच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी जिल्ह्याच्या गावी पाठवायचे ठरले. तिचे आजोबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सुनेला घरीच ठेवतो. आई दिसली की पोरगी जास्त रडते. मी बसेन जवळ."

आजोबांचे निरीक्षण खोटे नाही. पण याच निरीक्षणापायी एके काळी इंग्लंडमधल्या हजारो मुलांना आजारपणात आई मिळाली नाही.

१९५०च्या सुमारास तिथल्या मुलांच्या वॉर्डात शिस्त कडक असे. सकाळीच अंग पुसणे, ताप मोजणे, चादरी ताणून बसवणे. मेट्रनची फेरी येईपर्यंत साऱ्या खाटा एका रेषेत. घरचे कपडे काढून घेत. घरून आणलेला खाऊ बऱ्याच ठिकाणी एकत्र करून सगळ्यांना वाटत. हाडांच्या क्षयाची मुले तर महिनोन्‌महिने चौकटीला जखडलेली असत आणि त्यांच्या खाटा उन्हासाठी व्हरांड्यात आणून ठेवत. आईबापांनी भेटायचे ते अनेक ठिकाणी फक्त रविवारी, तास-दोन तास. काही ठिकाणी तेवढेही नाही.

ही माणसे दुष्ट नव्हती. घटसर्प, गोवर, स्कार्लेट फीवर यांपैकी एकही रोग वॉर्डात शिरला तर तो खाटेखाटेला पसरे, आणि पेनिसिलिन सर्वसामान्यांच्या हाती येऊन जेमतेम चार-पाच वर्षे झाली होती. शिवाय सिस्टरांचा अनुभव असा, की भेटीची वेळ संपली की सारा वॉर्ड हंबरडा फोडतो. भेटच नसेल तर मूल तीन-चार दिवसांत गप्प होते. याला त्या 'मूल रुळले' असे म्हणत.

हे रुळणे नव्हे, असे ठासून सांगितले जेम्स रॉबर्टसन यांनी. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते. युद्धकाळात अ‍ॅना फ्रॉइड यांच्या बालगृहात ते बॉयलर सांभाळण्याचे काम करत. पुढे लंडनमध्ये जॉन बोल्बी यांच्या हाताखाली त्यांनी वॉर्डांतली मुले पाहिली. त्यांना तीन टप्पे दिसले. आधी मूल आकांत करते. मग हिरमुसून पडून राहते. शेवटी हसू-खेळू लागते, पण आई आली तर तिच्याकडे परक्यासारखे पाहते. तिसरा टप्पा त्यांना सगळ्यात काळजीचा वाटला.

डॉक्टर ऐकेनात, म्हणून त्यांनी कॅमेरा विकत घेतला. आठ दिवसांसाठी दाखल झालेल्या अडीच वर्षांच्या मुलीचे रोज ठरल्या वेळी चित्रण केले. तिचेही ऑपरेशन बेंबीच्या हर्नियाचेच! १९५२ साली हा चित्रपट डॉक्टरांच्या सभेत दाखवला तेव्हा बहुतेक मंडळी चिडली. पण सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने १९५९ साली सरकारला अहवाल दिला, की आईबापांना कधीही भेटू द्यावे आणि लहान मुलाजवळ आईला राहू द्यावे. न्यूकॅसलला जेम्स स्पेन्स हे १९२०च्या दशकापासूनच आईला मुलासोबत दाखल करून घेत होते, पण त्यांचे अनुकरण फारसे झाले नव्हते.

आपल्याकडच्या सरकारी वॉर्डात आई पहिल्यापासून खाटेशी असते. मी इंटर्न असताना सिस्टर ओरडायच्या, पण सलाईनचा हात सुजलाय हे आमच्याआधी त्या आयाच ओळखत.

मुलाला दाखल करायची वेळ आली तर त्याला खोटे सांगू नका. "आत्ता येते" म्हणून गुपचूप सटकू नका. "जेवण झाल्यावर येते" असे सांगा आणि खरोखर त्या वेळी या. घरात तान्हे बाळ असल्याने आईला थांबता येत नसेल तर ओळखीचे एकच माणूस शेवटपर्यंत जवळ राहू द्या, रोज पाळी बदलू नका. त्याची रोजची गोधडी सोबत न्या. बाळ काचेच्या पेटीत असेल तर हात कधी लावता येईल हे सिस्टरांना विचारा, विचारायला लाजू नका. घरी आल्यावर मूल काही दिवस आईला चिकटून बसेल, अंथरूणही ओले करील. त्याबद्दल मारू नका.

आजोबांना हे सगळे सांगितले. ते "बघतो" म्हणाले, आणि सुनेला घेऊन गेले. मुलगी रडायची तेवढी रडलीच म्हणे. परवा जखम दाखवायला आणली तेव्हा आईच्या पदराआडून माझ्याकडे रागाने बघत होती.