विस्टेरियाचा वेल: फूल पाहावे, शेंग टाळावी

आपल्यापैकी काही घरांतली मुले अमेरिकेत, मिनेसोटासारख्या थंड राज्यात स्थायिक झाली आहेत. तिथे हिवाळ्यात पारा उणे 30 अंशांपर्यंत उतरतो. अशाच एका मुलाने अंगणात विस्टेरियाचा वेल लावला. सहा वर्षांत मांडव पानांनी भरला, पण फूल एकही नाही! त्याचे वडील आम्हांला विचारीत आले, म्हणून हे चार शब्द.

विस्टेरिया हा आपल्या पावट्याच्या, तुरीच्या कुळातला वेल. निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस खाली लोंबतात. चीन-जपानकडच्या जातींची कळी आदल्या उन्हाळ्यातच जुन्या फांदीवर धरते आणि कडक थंडीत मरते. वेल जगतो, बहर जातो. अमेरिकेतलीच केंटकी जात मात्र पाने आल्यावर, त्या वर्षीच्या नव्या फुटीवर फुलते. तिचा 'ब्लू मून' हा वाण उणे 34 अंशांची थंडीही सोसतो व जूनच्या सुमारास फुलतो. रोप कलमाचे किंवा छाटाचेच घ्यावे. बियांचे रोप दहा-पंधरा वर्षेही वाट पाहायला लावते.

दुसरी चूक खताची. भुईमुगाला युरिया जास्त झाला की पाला माजतो, हे आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. ह्या वेलाच्या मुळांवरही तशाच गाठी असतात. तेव्हा नत्राचा हात आखडता ठेवावा. दिवसाकाठी सहा तास ऊन हवे. खोड वर्षानुवर्षे जाड होत जाते, म्हणून मांडव लोखंडी नळ्यांचा किंवा जाड लाकडाचा करावा. केंटकी जातीची छाटणी हिवाळा सरताना, फूट येण्यापूर्वी करावी.

आता खरी काळजीची गोष्ट. फुलांमागून शेंगा येतात आणि त्या आपल्या घेवड्याच्या बहिणीच वाटतात. मुलांकडे राहायला गेलेल्या आजीने कौतुकाने भाजीसाठी तोडाव्यात, अशाच दिसतात. पण शेंगा व बिया विषारी आहेत! थोड्या बिया खाल्ल्या तरी लहान मुलाला उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू होतात. शिजवून पाहण्याचाही प्रयोग करू नये. मुलाने शेंग खाल्ली असे दिसल्यास तोंडातले तुकडे काढावेत आणि घरगुती उपायांत वेळ न घालवता, उरलेली शेंग सोबत घेऊन, ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

लहान मुले अंगणात खेळत असतील, तर बहर ओसरताच वाळलेले घोस कात्रीने कापून टाकावेत, म्हणजे शेंग धरतच नाही.