शाळकरी मुलींचे मनःस्वास्थ्य : शहापूर व मुरबाडच्या संदर्भात

मुंबईला पाणी पुरविणारे तानसा व भातसा जलाशय ज्या तालुक्यात आहेत तो शहापूर आणि माळशेज घाटाच्या पायथ्यापर्यंत पसरलेला मुरबाड, हे ठाणे जिल्ह्यातील दोन ग्रामीण तालुके. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, कुणबी अशा समाजांतील मुली येथील जिल्हा परिषदेच्या शाळांत, माध्यमिक विद्यालयांत व आश्रमशाळांत शिकतात. त्यांची पटावरील संख्या मोजता येते. परंतु त्या शाळेत आनंदी आहेत काय, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. मनाने शाळेत न रमलेली मुलगी अडचणीच्या पहिल्याच प्रसंगी शाळा सोडण्याचा संभव असतो.

आनंद म्हणजे केवळ हसतमुख चेहरा नव्हे. मानसशास्त्राच्या दृष्टीने त्याचे काही आधार आहेत. पहिला आधार स्वतःच्या क्षमतेवरील विश्वास. अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ साली मांडलेल्या विचारानुसार हा विश्वास मुख्यतः स्वतः तडीस नेलेल्या कामातून येतो. म्हणून फळ्यावर एक गणित सोडविणे किंवा परिपाठाचे संचालन करणे, ही लहान कामेही मोलाची ठरतात.

दुसरा आधार आपलेपणा. मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या अभ्यासात आईवडिलांनी घेतलेली आस्था व मुलांचा आत्मसन्मान यांचा निकटचा संबंध दिसून आला. मुलीच्या मैत्रिणी कोण, प्रगतिपुस्तकात काय आहे, एवढी विचारपूस अशिक्षित पालकही करू शकतात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतील मुलींच्या बाबतीत मात्र शाळा व मैत्रिणी यांचे धागे दरवर्षी तुटतात. अशा मुलीला गावात ठेवण्याची सोय झाली, तर तिचा अभ्यास टिकतो आणि सोबतही टिकते.

तिसरा आधार स्वतःविषयीच्या निर्णयात सहभाग. मुलीच्या विवाहाचे किमान वय कायद्याने १८ वर्षे आहे. परंतु दहावीनंतर पुढे काय, हे तिला कोणी विचारतच नसेल, तर उमेद खचते. चौथी बाब शरीरासंबंधीची. मासिक पाळीविषयी अज्ञान व संकोच असेल आणि शाळेत पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह नसेल, तर मुलगी वर्गात मन मोकळे करून बसू शकत नाही.

शासनाच्या उपाययोजना आहेतच. १० ते १९ वयोगटासाठी २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मानसिक आरोग्याचा समावेश आहे. मानसिक ताणाबाबत १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहावेत.

तथापि योजना मुलीपर्यंत पोहोचते ती माणसांमार्फत. एखादी बोलकी मुलगी अबोल झाली, वारंवार गैरहजर राहू लागली, तर शिक्षकांनी तिला रागावण्यापूर्वी कारण विचारावे. त्या एका प्रश्नाने तिची शाळा वाचू शकेल.