चिमणी आणि ताकाकिया

पावसाळ्यात जुन्या भिंतींवर मखमलीसारखा हिरवा थर चढतो. आपण त्याला शेवाळ म्हणतो. वनस्पतिशास्त्रज्ञ या वनस्पतींना 'हरिता' म्हणतात. त्याच भिंतीच्या भोकात काड्या व कापूस आणून एखादी चिमणी घरटे बांधीत असते. चिमणी सर्वांच्या परिचयाची. पण हरितांमध्ये एक अशी आहे की, ती फारच थोड्यांनी पाहिली असेल. तिचे नाव ताकाकिया. या दोघींची तुलना मोठी उद्‌बोधक आहे.

ताकाकी नावाच्या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञावरून १९५८ साली हिला हे नाव मिळाले. हिच्या जाती अवघ्या दोन. खरी मुळे नाहीत, फूल नाही, बीही नाही. तरी हिचा वंश सुमारे ३९ कोटी वर्षांचा, म्हणजे हिमालयाहूनही कितीतरी जुना आहे! तिबेटच्या पठारावर ४,००० मीटरांहून अधिक उंचीवर, वर्षातील सुमारे आठ महिने बर्फाखाली राहून ती जगते. मात्र तिची वाढ फार मंद असते.

चिमणीची रीत निराळी. माणूस शेती करू लागला, तशी ती त्याच्या आश्रयास आली. दाणे टिपावेत, पिलांना किडे भरवावेत आणि घराच्या वळचणीस राहावे, हा तिचा क्रम. एकोणिसाव्या शतकात माणसांनी तिला अमेरिकेत व ऑस्ट्रेलियातही नेले. तेथेही ती रुळली.

मग या दोघींत सुरक्षित कोण? कोणीही म्हणेल, चिमणी! परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनसारख्या शहरांत चिमण्या झपाट्याने घटल्या आणि २००२ साली ब्रिटनमधील पक्षितज्ज्ञांनी तिचे नाव चिंताजनक पक्ष्यांच्या यादीत घातले. नव्या इमारतींत घरट्यास जागा नाही. बागांत किडेही कमी झाले. इकडे तिबेटातील ताकाकियाही वाढत्या उष्म्याने आक्रसत आहे, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. जिच्या वंशाने कोट्यवधी वर्षांची स्थित्यंतरे सोसली, तिला काही दशकांतील हा बदल सोसवेना.

दुर्मिळ ते दुबळे नसते आणि विपुल ते चिरकाल टिकतेच असे नाही. प्रत्येकास आपापले घर हवे. मुलांनो, तिबेटचे पठार आपल्यापासून दूर आहे. पण भिंतीतील ते भोक बुजवावे की राहू द्यावे, हे ठरविणे आपल्या हाती आहे.

प्रश्न
१. ताकाकिया आणि चिमणी यांच्या राहणीतील भेद सांगा.
२. 'विपुल ते चिरकाल टिकतेच असे नाही', हे चिमणीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.