परक्या विद्यापीठातील दानीएल : चिनी विद्यार्थी आणि त्यांच्या मंडळ्या

शास्त्रवाचन : दानीएल १:१-२१; प्रे. कृत्ये ६:१-७, ८:२६-४०, १८:२४-२८

दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय आपल्यापैकी बहुतेकांनी संडेस्कूलमध्ये निग्रहाचा धडा म्हणून ऐकला आहे. राजाचे मिष्टान्न नाकारून शाकभाजीवर राहिलेले चार तरुण आपल्याला चांगले ठाऊक असतात. पण हे तरुण तेथे कशासाठी होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ते विद्यार्थी होते. परकी भाषा, परके वाङ्मय, तीन वर्षांचा अभ्यासक्रम, राज्याच्या खर्चाने भोजन, आणि शेवटी खुद्द राजासमोर तोंडी परीक्षा. प्रवेश मिळताच त्यांची नावेही बदलण्यात आली. आज चीनमधून अमेरिकेला शिकायला जाणारा तरुण, शिक्षकांना उच्चार जमत नाहीत म्हणून, स्वतःला एखादे सोपे इंग्रजी नाव घेतो, तेव्हा अश्पनजाच्या कचेरीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

या अध्यायात एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. दानीएलाने खास्द्यांची विद्या नाकारली नाही. नावाबद्दल त्याने तक्रार केल्याचा उल्लेख नाही. त्याने रेषा ओढली ती ताटापाशी, आणि ती कोठे ओढायची हे त्याचे त्यानेच ठरवले. परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सेवा करणाऱ्यांनी हे विसरता कामा नये. काय स्वीकारायचे व काय सोडायचे याचा निर्णय अखेर त्या विद्यार्थ्याचा आहे. यजमानाचा नाही, आणि यजमान मंडळीचाही नाही.

या सेवेचा इतिहास आपण समजतो त्याहून जुना आहे. युंग विंग नावाचा तरुण मकाव येथील मिशन शाळेत शिकला, पुढे अमेरिकेत गेला, तेथे ख्रिस्ती झाला आणि १८५४ साली येल येथून पदवीधर झाला. अमेरिकन विद्यापीठाची पदवी मिळवणारा तो पहिला चिनी. त्याच्याच प्रयत्नाने १८७२ पासून चार तुकड्यांत १२० मुले चिनी सरकारने कनेटिकट परगण्यात शिकायला पाठवली. वसतिगृह नव्हते, मुले तेथील कुटुंबांत राहिली, त्यांच्याबरोबर जेवली, त्यांच्याबरोबर उपासनेला गेली. पण काही मुलांनी शेंड्या कापल्या, काही ख्रिस्ताकडे वळली, आणि मुले आपली राहिली नाहीत अशी भीती पेकिंगच्या दरबाराला वाटू लागली. इतर कारणेही होती. अमेरिकेत चिन्यांविषयी द्वेष वाढत होता आणि तेथील सैनिकी विद्यालये या मुलांना प्रवेश देईनात. १८८१ साली ही सारी योजना गुंडाळून मुलांना परत बोलावण्यात आले. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला. तो १९४३ पर्यंत टिकला.

म्हणजे एकाच देशात एक ख्रिस्ती कुटुंब चिनी मुलाला आपल्या मेजावर बसवीत होते, आणि त्याच देशाचे विधिमंडळ त्याच्या बांधवांना दार लावीत होते. त्या मुलाला कोणती अमेरिका खरी वाटली असेल? लेवीय १९:३३-३४ या वचनांत उपऱ्याला देशात जन्मलेल्यासारखेच वागवण्याची आज्ञा आहे, आणि तिचे कारणही दिलेले आहे : तुम्हीही मिसर देशात उपरी होता. इब्री भाषेत येथे 'गेर' हा शब्द आहे. केवळ येऊन जाणाऱ्या परक्यासाठी त्या भाषेत निराळा शब्द आहे, 'नोखरी'. विद्यार्थी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतो. तो राहायला आलेला नाही, पण केवळ वाटसरूही नाही. त्याच्याविषयी मंडळीचा गोंधळ होतो तो बहुधा येथेच.

आता मंडळ्यांकडे वळू. चीनमध्ये मिशनरी म्हणून राहिलेले विल्यम स्पीअर यांनी १८५३ साली सॅन फ्रान्सिस्कोत चिनी प्रेस्बिटेरियन मंडळी स्थापली. चार चिनी ख्रिस्ती सभासदांनी तिचा आरंभ झाला. ही मंडळी खाणकामगार व मजुरांच्या वस्तीतली होती. विद्यार्थ्यांमधून उगवलेल्या मंडळ्यांची गोष्ट वेगळी आहे. जॉन आर. मॉट यांच्या पुढाकाराने १९११ साली वाय.एम.सी.ए.ने परदेशी विद्यार्थ्यांशी मैत्री राखण्यासाठी एक समिती नेमली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५३ मध्ये इंटरनॅशनल स्टुडंट्स ही संस्था निघाली, आणि १९६३ मध्ये खुद्द चिनी सेवकांनीच, मोझेस चाऊ व टेड चॉय यांनी, अ‍ॅम्बॅसिडर्स फॉर ख्राइस्ट या संस्थेची स्थापना केली. परंतु खरे काम संस्थांच्या कचेऱ्यांतून झाले नाही. ते विद्यापीठाजवळच्या भाड्याच्या खोल्यांतून झाले. तैवान व हाँगकाँगहून आलेले पदव्युत्तर विद्यार्थी शुक्रवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी जमत, भात शिजवीत, आपल्या भाषेत बोलत आणि जेवणानंतर शास्त्राभ्यास करीत. १९६५ च्या कायद्याने स्थायिक होणे सुलभ झाले. विद्यार्थ्यांचे अभियंते झाले, अभियंत्यांची कुटुंबे झाली, आणि त्या शास्त्राभ्यासाची मंडळी झाली. अमेरिकेतील कित्येक चिनी मंडळ्यांचा जन्म असा स्वयंपाकघरात झालेला आहे. त्यांना कोणी मिशनरी पाठवला नव्हता.

पुढे मुख्य चीनचे दार उघडले. १९७८ च्या डिसेंबरात विद्यार्थ्यांची पहिली तुकडी अमेरिकेला आली. ती अवघ्या ५२ जणांची होती. १९८९ साली तिआनानमेन चौकात जे घडले त्यानंतर परदेशात शिकत असलेल्या चिनी तरुणांपैकी अनेकांचा राज्याने शिकवलेल्या श्रद्धेवरचा विश्वास उडाला, आणि पुष्कळ जण या शुक्रवारच्या सभांना येऊ लागले. १९९२ च्या कायद्याने त्यांतील हजारोंना अमेरिकेत कायम राहण्याची परवानगी मिळाली.

आता जे येत, ते देवाचे नावही न ऐकता वाढलेले होते. आणि येथे मला, भाषांतराचे काम करणाऱ्याला, थोडे थांबावेसे वाटते. कारण त्यांच्या हाती जे शास्त्र पडले त्यातील एकेका शब्दामागे शंभर वर्षांचे वाद होते. देवाला 'शांगदी' म्हणावे की 'शन', यावर चीनमधील मिशनऱ्यांचे एकमत कधीच झाले नाही. १९१९ सालच्या संयुक्त भाषांतराच्या म्हणून दोन आवृत्त्या छापल्या गेल्या, आणि दोन्ही आजही वापरात आहेत. मराठीत 'देव' व 'परमेश्वर' हे दोन्ही शब्द आपण कामाला लावले, आपले थोडक्यात निभावले. पापासाठी चिनी भाषेत 'त्स्वेई' हा शब्द आहे, आणि त्याचा रोजचा अर्थ 'गुन्हा' असा आहे. तू पापी आहेस असे त्या विद्यार्थ्याला सांगितले की, आपण गुन्हेगार आहोत असे कोणी म्हणत असल्याचे त्याला ऐकू येते. तो सरळ विचारतो, मी कोणता कायदा मोडला? हा उद्धटपणा नव्हे. भाषेने त्याला जे दिले तेच तो बोलत असतो. आपल्या 'पाप' शब्दाची अडचण याच्या उलट आहे. तो इतका जुना व घासलेला आहे की ऐकणाऱ्याला कशाचेच आश्चर्य वाटत नाही. म्हणूनच पाठ केलेले चार मुद्दे घेऊन या तरुणांकडे जाणाऱ्यांविषयी मला शंका वाटते. शब्दाचा अर्थ श्रोत्याकडून आधी शिकून घेतल्यावाचून सुवार्ता सांगून होत नाही.

बाप्तिस्म्याचेही तसेच. चिनी भाषेत 'धुणे' या अर्थाचा शब्द एका पंथाने घेतला, 'बुडवणे' या अर्थाचा दुसऱ्याने. आपण मूळ शब्दच मराठीत आणला आणि वाद टाळला. या चिनी भाषांतरांपैकी एकाचे घर आपल्याच देशात आहे, हे वाचकांना ठाऊक असावे. १८११ साली मराठी नवा करार श्रीरामपूरच्या ज्या मिशनने छापला, त्याच मिशनच्या जोशुआ मार्शमन यांनी योहानेस लासार या आर्मेनियन साहाय्यकाबरोबर १८२२ मध्ये संपूर्ण चिनी पवित्र शास्त्र प्रसिद्ध केले. रॉबर्ट मॉरिसन यांचे शास्त्र त्यानंतर एक वर्षाने, १८२३ मध्ये, पूर्ण झाले. नागपूरचे वैजनाथ पंडित मराठीच्या कामी साहाय्य करीत होते त्याच आवारात चिनी अक्षरांचे ठसेही घडत होते.

आता मंडळीच्या आतील दुखण्याकडे येऊ. प्रे. कृत्ये ६ मध्ये कुरकूर झाली ती सिद्धान्तावरून नव्हे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होत होते. एक मंडळी, दोन भाषा, आणि वाढप एकाच भाषेच्या लोकांच्या हाती. अमेरिकेतील मोठ्या चिनी मंडळीत आज बहुधा तीन उपासना होतात : कँटनी, मँडरिन आणि इंग्रजी. हाँगकाँगहून आलेले वडील, मुख्य चीनमधून आलेले विद्यार्थी, आणि तेथेच जन्मलेली मुले. विद्यार्थ्यांसाठी मंडळीने जे प्रेमाने केले, ते आपल्या मुलांसाठी करणे तिला पुष्कळदा जमले नाही. मुलांना चिनी भाषेतील उपदेश समजेना, आणि इंग्रजी उपासना तळघरात किंवा उरल्यासुरल्या वेळी. ती मुले महाविद्यालयात गेली की इंटर-व्हर्सिटीसारख्या संघटनांच्या सहभागितेत रमतात आणि आईवडिलांच्या मंडळीत परतत नाहीत. १९९६ साली एका अमेरिकन ख्रिस्ती मासिकाने आशियाई मंडळ्यांतील या गळतीला 'मूक निर्गमन' असे नाव दिले आणि ते रूढ झाले.

दिल्ली, हैदराबाद, बंगलोर येथील मराठी मंडळ्यांच्या वाचकांना हे परके वाटू नये. आपल्या उपासनेत तिसऱ्या बाकावर बसलेला मुलगा गीताच्या पुस्तकातील देवनागरी अडखळत वाचतो की मुळीच वाचत नाही, हे पाळकांनी एकदा पाहावे. यरुशलेमेत प्रेषितांनी काय केले तेही पाहावे. त्यांनी कुरकूर करणाऱ्यांना सहनशीलतेचा उपदेश केला नाही. सात जण निवडले गेले, आणि त्या सातांची नावे ग्रीक आहेत. स्तेफन, फिलिप्प, प्रखर... वाढप तक्रारदारांच्याच भाषेच्या लोकांकडे दिले गेले. तळघरातल्या उपासनेला पंचमंडळात किती मते आहेत, हा प्रश्न याच वचनांतून येतो.

याहून अवघड भाग परतणाऱ्यांचा आहे. परदेशातून मायदेशी परतणाऱ्याला चिनी लोक विनोदाने 'समुद्री कासव' म्हणतात. समुद्रापलीकडून परतणे आणि समुद्री कासव या दोहोंचा उच्चार एकच, 'हायग्वेई'. कासव अंडी घालायला जन्माच्या किनाऱ्यावर येते, अशी सुंदर उपमाही त्यात दडली आहे. पण परतलेल्या ख्रिस्ती तरुणाला तो किनारा अनोळखी झालेला असतो. अमेरिकेत त्याला ख्रिस्त मिळाला तो मोटारीतून घ्यायला येणाऱ्या, जेवण तयार ठेवणाऱ्या, त्याच्या वयाच्या पदवीधरांच्या सहभागितेत. शांघायला परतल्यावर नोकरी रात्रीपर्यंत, आईवडिलांचा विरोध, मंडळी अनोळखी, आणि धर्मविषयक नियम २०१८ पासून अधिक कडक. अनेक जण मंडळीत टिकत नाहीत, असे या सेवेतील लोक स्वतःच सांगतात. याचे एक कारण मला येथेच दिसते. पुष्कळांनी ख्रिस्ताबरोबर तेथील स्नेहही स्वीकारला होता, आणि दोहोंतील फरक त्यांना कोणी दाखवला नव्हता. जेवण हे आमिष झाले की ते आतिथ्य राहत नाही. आणि बाप्तिस्म्यांची संख्या अहवालात भरण्यासाठी घाई झाली असेल तर तिची किंमत शांघायमध्ये एकटा बसलेला तो तरुण मोजतो.

फिलिप्पाची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचावी. कूशी अधिकारी यरुशलेमेहून परत निघालेला होता. फिलिप्पाने त्याला थांबवून घेतले नाही, मंडळीत नाव नोंदवायला मागे नेले नाही. त्याच्या हाती जो यशयाचा ग्रंथ होता तेथूनच आरंभ केला, त्याच्या रथात बसून, त्याच्याच रस्त्याने. मग फिलिप्प दिसेनासा झाला आणि अधिकारी आनंदाने आपल्या वाटेने गेला. त्याच्याजवळ उरले ते दोनच : वाचता येणारे शास्त्र आणि त्याचा समजलेला अर्थ. पहिल्या दिवसापासून परतीच्या दिवसासाठी शिकवणे म्हणजे हेच. त्याच्या स्वतःच्या भाषेत प्रार्थना, स्वतःच्या भाषेतले शास्त्र, आईवडिलांना काय व कसे सांगायचे याचा आधी केलेला विचार.

हे सारे चिन्यांचे म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. २००९-१० पासून अमेरिकेतील परदेशी विद्यार्थ्यांत चीन पहिला होता. २०२३-२४ या वर्षी तेथे चिनी विद्यार्थी २,७७,३९८ आणि भारतीय ३,३१,६०२ होते. दानीएलाच्या बाकावर आता आपली मुले अधिक आहेत. उलट बाजूने, पुण्यात इराणी, आफ्रिकी व अरब विद्यार्थी कित्येक दशके शिकत आले आहेत, आणि खोली शोधताना दारे बंद होण्याचा अनुभव त्यांना नवा नाही. भारतातील चिन्यांचे काय झाले तेही आठवावे : १९६२ च्या युद्धानंतर सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, बहुतेक येथेच जन्मलेल्यांना, राजस्थानातील देवळीच्या छावणीत ठेवण्यात आले होते. उपऱ्याविषयीची आज्ञा आपल्यालाही दिलेली आहे.

आपल्या मंडळीतून कोणी परदेशी निघाला की शेवटच्या रविवारी आपण त्याला पुढे बोलावतो, प्रार्थना करतो, पवित्र शास्त्राची प्रत देतो. इफिसातील बंधूंनी अपुल्लोसासाठी याहून एक काम अधिक केले. तो अखया प्रांतात जायला निघाला तेव्हा त्यांनी तेथील शिष्यांना पत्र लिहिले. आपल्या पाळकांनीही तसे पत्र लिहावे, आणि त्यात केवळ चांगल्या वर्तणुकीचा दाखला नसावा. तो कोणत्या भाषेत प्रार्थना करतो, संडेस्कूलमध्ये कोणता वर्ग शिकवत होता, पेटी वाजवतो की नाही, घरी कोण आजारी आहे, आणि शिक्षण संपल्यावर तो साधारण केव्हा परत येणार आहे, हे त्यात असावे. पत्ता शोधायला अडचण पडत असेल तर त्या शहरातील चिनी मंडळीचा पत्ता काढावा. विद्यापीठाजवळ ती बहुधा सापडते, आणि शुक्रवारी संध्याकाळी तेथे भात शिजलेला असतो.