शहाबादी फरशी आणि एंजल मासे

मासे पाळायचेत म्हणून कुणी विचारायला आलं, की मी आधी विचारतो, टाकीत दगड कुठला घालणार? आमच्या कलबुर्गी भागात शहाबादी फरशी अंगणात, ओट्यावर, न्हाणीत, सगळीकडे. भाच्यानं टाकी मांडली तेव्हा तिचेच तुकडे रचून झकास गुहा केली आणि एंजल सोडले. पीएच आठाच्या वर गेला. मग दुकानातून पीएच उतरवायचे थेंब आले. रात्री थेंब घातले की पट्टी सात दाखवायची, दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा आठ. मग आणखी थेंब. मासे वर येऊन धापा टाकू लागले आणि एकेक करून गेले.

थेंब खोटे नव्हते. शहाबादी म्हणजे चुनखडी. वाडीचे सिमेंट कारखाने तिच्यावरच चालतात. आम्ल पडलं की चुनखडी विरघळते, आम्ल संपतं आणि पाणी आधीपेक्षा जड होतं. पीएचच्या एका अंकात दहापट फरक असतो; तो रोज खालीवर झाला तर मासा टिकायचा कसा? त्यातून अमोनिया. पीएच सातला त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, आठला पाच टक्क्यांच्या आसपास. नव्या टाकीत हे फार जाचतं. तिथं थेंबांपेक्षा थोडं-थोडं पाणी बदलणं आणि खाणं कमी टाकणं बरं.

दगड खरवडून त्यावर व्हिनेगर टाका. फेस आला तर तो अंगणातच शोभतो. बिदरच्या किल्ल्याला लागलेला जांभा फेसाळत नाही. गुहा करायचीच तर तो घ्या.

बोअरचं ताजं पाणी लगेच मोजू नका. त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, म्हणून पीएच कमी दिसतो. बादलीत रात्रभर ठेवलं की खरा आकडा कळतो. टाकीत वनस्पती असतील तर पहाटे कमी, संध्याकाळी जास्त, म्हणून मोजायची वेळ एकच ठेवा.

पांढरा थर धरणारं पाणी असेल तर गप्पी, मॉली पाळा. त्यांना ते मानवतं. निऑन टेट्राच हवेत तर आरओचं पाणी मिसळा, पण निव्वळ आरओ नको. त्यात कार्बोनेट जवळपास नसतातच, पीएच अचानक कोसळू शकतो. बोअरचं थोडं हवंच, आणि दर खेपेला प्रमाण तेच.